वाऱ्याचा पत्ता

भाच्याबरोबर विक्रोळीच्या कन्नमवार नगरात फ्लॅट बघायला गेले होते. म्हाडाच्या जुन्या बुटक्या इमारती पाडून तिथे एकामागून एक टॉवर उभे राहतायत, त्यातलाच एक. सतरावा मजला, सॅम्पल फ्लॅट, आत शिरताना चपलांवर चढवायच्या निळ्या पिशव्या, हॉलमध्ये नुसती पाठ दाखवणारी खोटी पुस्तकं. दाखवणारा मुलगा पंचविशीचा, तोंडाने गोड, सगळं पाठ. मी सवयीने विचारलं, "वारा कुठून येतो?" तो जरा गडबडला. मग सावरून म्हणाला, "मॅडम, तिन्ही रूमला एसी पॉइंट दिलेत," आणि पुरावा म्हणून रिमोट उचलून एसी अठरावर नेला. मी जाऊन हॉलची काच सरकवली. ईस्टर्न एक्सप्रेस हायवे जणू आमच्यात चर्चेला येऊन बसला. ट्रक, हॉर्न, डिझेलचा वास, धूळ. मुलाने अगदी अदबीने काच पुन्हा लावली आणि खोली पहिल्यासारखी गप्प झाली. "उघडायची गरजच पडत नाही," तो म्हणाला. खाली येताना लिफ्टमध्ये भाच्याची बायको म्हणाली, "आत्या, रात्री एसी लागतोच ना. मग वारा आला काय, नाही आला काय." यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं, कारण माझ्याही बेडरूमला एसी आहे आणि मीही तो दार-खिडक्या लावूनच चालवते. पण ते वाक्य मुलुंड येईपर्यंत डोक्यात घोळत राहिलं, आणि नंतरही.

आमच्या आधीच्या पिढीत घर बघायला जाणारा माणूस दोनच गोष्टी विचारायचा. पाणी किती वाजता येतं आणि वारा कुठून येतो. बाकी सगळं नंतर. माझी आजी गिरगावात ठाकूरद्वारच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहायची. मे महिन्यात आम्ही तिच्याकडे जायचो, आणि मला आठवतात त्या तिथल्या गॅलरीतल्या रात्री. नऊ-साडेनऊला वळकट्या बाहेर यायच्या. गॅलरी सगळ्यांची असली तरी झोपायची जागा सगळ्यांची नव्हती. जिन्याच्या तोंडाशी, जिथे समुद्राकडून येणारी झुळूक वळून आत शिरायची, तिथे गादी पडायची ती कोपऱ्यातल्या खोलीतल्या सगळ्यांत वयस्कर अण्णांची. त्यांच्यानंतर कमावते पुरुष, मग कॉलेजची मुलं, आणि अगदी टोकाला, नळाजवळ, जिथे वारा पोचेपर्यंत दमलेला असायचा तिथे आम्ही पोरं. बायका आतच. आतल्या खोलीत खुडखुडत फिरणारा पंखा होता आणि त्याच्या खाली आजी, आई, मावशी तिघी एका रांगेत. लहानपणी हे मला अजिबात खटकलं नव्हतं. आता खटकतं. चाळीतल्या वाऱ्याबद्दल जे गोड-गोड लिहिलं जातं ते बहुतेक गॅलरीत झोपलेल्यांनी लिहिलेलं आहे, हे एकदा ध्यानात आलं की पुढे तसलं वाचताना थोडं अडखळायला होतं.

तरी वारा होता हे खरं. आणि तो आपोआप आलेला नव्हता. 1896 मध्ये प्लेग आला, माणसं पटापट मेली, आणि 1898 मध्ये मुंबई सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला. आज ज्यांना आपण बीआयटी चाळी म्हणतो त्या या ट्रस्टच्या. त्या वेळच्या साहेबाला पक्कं वाटत होतं की कोंदट हवा हीच रोगाची माय. म्हणून त्याने दाट वस्तीतून आडवे रस्ते कापले, पश्चिमेचा समुद्रावरचा वारा थेट आत शिरावा म्हणून. प्रिन्सेस स्ट्रीट त्यातला, सँडहर्स्ट रोड त्यातला. त्या रस्त्यांसाठी किती बिऱ्हाडं उठवली तो वेगळा हिशोब, आणि तो काही कमी क्रूर नाही. ट्रस्टचा एक नियमही होता, साडेत्रेसष्ट अंशांचा. सोप्या भाषेत, समोरची इमारत जेवढी उंच त्याच्या निम्मं तरी अंतर मध्ये मोकळं सोडायचं, म्हणजे तळमजल्यालाही आभाळ दिसेल. प्लेग पसरतो तो उंदरांवरच्या पिसवांमुळे हे पुढे सर्वमान्य झालं. तरी चुकीच्या समजुतीवर आखलेल्या त्या रस्त्यांवरून दुपारी चालताना अजून पदर उडतो.

माझं सासर नागपूरचं, त्यामुळे उन्हाळ्याबद्दल माझ्याकडे दोन मतं आहेत. नागपुरात 23 मे 2013 ला 47.9 अंश तापमान नोंदलं गेलं, आणि तिथल्या लोकांनी ते सांगताना आवाजात थोडा अभिमान ठेवला. तिकडे कूलर असतो. पत्र्याचा मोठा खोका, तीन बाजूंनी वाळ्याच्या नाहीतर लाकडी भुश्श्याच्या जाळ्या, वरून झिरपणारं पाणी, समोर पंखा. खिडकीला बाहेरून लावायचा, संध्याकाळी पाइपने टाकी भरायची. रात्री वाळ्याचा ओला वास घरभर फिरतो आणि पहाटे पांघरूण ओढावं लागतं. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात सासरे, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, आमच्या मुलुंडच्या वन रूम किचनमध्ये मुक्कामाला आले. रात्रभर घामाने निथळले आणि सकाळी उठून मुलाला म्हणाले, "काहून बे, कूलर नाही घेतला तू?" त्याच संध्याकाळी ते कुठूनसा एक कूलर टेम्पोत घालून घेऊन आले. नागपुरी माणसाचा आत्मविश्वास. रात्री तो सुरू केला आणि दोन तासांत घराची पाणपोई झाली. चादरी दमट, वर्तमानपत्र लुळं, डब्यातले पापड सकाळी चामड्यासारखे, आणि गॅस पेटवायला काडी घासली तर तिचं गूल नुसतं पुसलं जातंय. नाना कूलरला हात लावून बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "याची काही चूक नाही बाप्पा. इथली हवाच पिऊन बसली आहे."

त्यांनी एका वाक्यात शास्त्र सांगितलं होतं. कूलर गार करतो ते पाण्याची वाफ होताना ती उष्णता ओढून घेते म्हणून, आणि वाफ व्हायला हवा कोरडी लागते. आपला घामही तेच काम करतो. मुंबईच्या मेमध्ये हवेत आधीच इतकं बाष्प असतं की घाम सुकत नाही, अंगावरच राहतो. म्हणून इथले 34 अंश तिथल्या 44 ला भारी पडतात असं माझं सासर-माहेर दोन्हीकडचं अनुभवाचं मत. पण या एका फरकातून केवढं काय झालंय हे मला कन्नमवार नगरातून परत येताना सुचलं. नागपुरातल्या कारकुनाला दोन-चार हजारांत गारवा विकत घेता येत होता, मग तो धंतोलीत राहो की मानेवाड्यात. मुंबईत पंखा आणि एसी यांच्या मधली पायरीच नाही. पंखा सगळ्यांकडे, एसी कुणाकडेच नाही, अशी कितीतरी दशकं इथे गेली. तेवढ्या काळात मुंबईकराला गारवा मिळवायचा एकच मार्ग होता. पत्ता बदलायचा. समुद्राच्या जवळ जायचं, पश्चिमेची खोली घ्यायची, कोपऱ्यातला ब्लॉक बघायचा, समोर मैदान असेल असं बघायचं. शिवाजी पार्कच्या घरांची किंमत नुसत्या शेजाऱ्यांच्या संस्कृतीमुळे चढलेली नाही, एवढं मी दादरकरांचा राग पत्करून म्हणेन.

सकाळी पूर्वेकडून वारं असतं, दुपारच्या सुमारास ते फिरतं आणि समुद्रावरून खारे वारे सुरू होतात. ते वेळेवर आले तर ठीक. मार्च-एप्रिलमध्ये कधी कधी जमिनीवरून येणारं गरम वारं त्यांना अडवून धरतं आणि मग पारा चढतो. सांताक्रूझ वेधशाळेत 14 एप्रिल 1952 ला 42.2 अंशांची नोंद आहे ती अशाच ऋतूतली. कुलाब्याला तिन्ही बाजूंनी पाणी, म्हणून बातम्यांत कुलाब्याचं कमाल तापमान बहुधा सांताक्रूझपेक्षा कमीच ऐकू येतं. एकाच शहरात दोन आकडे, आणि त्या दोन आकड्यांमधल्या फरकाला चौरस फुटाचा दर होता. लोकलमध्येसुद्धा बघा, जाणारा माणूस नुसती विंडो मागत नाही, गाडीच्या तोंडाकडची, हवेची विंडो मागतो. 25 डिसेंबर 2017 ला पश्चिम रेल्वेवर पहिली एसी लोकल धावली, आणि त्या गाडीत या सगळ्या विद्येचा उपयोग शून्य.

एसीचा जन्मही घामासाठी झालेला नाही, कागदासाठी झाला. 1902 साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा, आकसायचा आणि एका रंगावर दुसरा रंग नीट बसायचा नाही. विलिस कॅरिअर नावाच्या तरुण इंजिनिअरने थंड नळ्यांवरून हवा नेऊन तिच्यातलं पाणी काढून घेण्याची योजना केली. म्हणजे नानांच्या पापडांचा प्रश्न तिकडे आधीच सुटला होता. माणसांची पाळी नंतर आली, आधी सिनेमागृहांत. आमच्या बाबांची पिढी मे महिन्यात इरॉस-रीगलच्या मॅटिनीला जायची ती किती सिनेमासाठी आणि किती गारव्यासाठी, कोण जाणे. घराघरांत यंत्र पोचल्यावर अमेरिकेचा नकाशाच हलला. वाळवंटातलं फिनिक्स शहर 1950 साली लाखाच्या जरा वर होतं, 2020 च्या जनगणनेत सोळा लाखांच्या पुढे. तिथेही आधी कूलरच होते म्हणे, कोरडी हवा ना, आपल्या नागपूरसारखी. ह्यूस्टन, मायामी यांची हवा मात्र आपल्यासारखी ओली. थंड भागातली निवृत्त माणसं तिकडे राहायला जाऊ लागली, मागून कारखाने गेले, निवडणुकीतली मतं गेली. सिंगापूरचे ली कुआन यू तर सांगायचे की पंतप्रधान झाल्यावर त्यांनी आधी सरकारी कचेऱ्यांत एसी बसवले, कारण त्याशिवाय विषुववृत्तावर दुपारी डोकं चालत नाही.

मुंबईत फिनिक्स घडलं नाही. इथे वाळवंट नव्हतं, जागाच नव्हती.

इथे एसीने जे केलं ते निराळं. त्याने खिडकी बंद करायची मुभा दिली. खिडकी बंद करता आली की मग हायवेला चिकटून राहता येतं, रुळांच्या बाजूला राहता येतं, मेट्रोच्या खांबाच्या कानाशी राहता येतं, नाल्यावर, डंपिंगच्या वासाच्या टप्प्यात, खाडीच्या डासांत राहता येतं. जिथे पूर्वी कुणी शहाणा माणूस पैसे मोजून राहायला गेला नसता तिथे आता "हायवे टच" म्हणून जाहिरात येते. वरचा मजला घ्या. आमच्या लहानपणी गच्चीखालचा मजला म्हणजे शिक्षा. दिवसभर स्लॅब तापणार, रात्रभर ती उष्णता खाली सोडणार, पावसात गळणार, वर जिना चढून गुडघे जाणार. तिथे भाडेकरू यायचे किंवा नवीन लग्न झालेली जोडपी. आधी लिफ्टने गुडघे वाचवले, मग एसीने स्लॅब विसरायला लावला, आणि आता दर मजल्याला वर "फ्लोअर राइज" म्हणून जास्तीचे पैसे मागतात. भाच्याच्या कोटेशनमध्ये ती ओळ वेगळी छापलेली होती.

पूर्वी आर्किटेक्टला वाऱ्याशी झटापट करावी लागायची. कंबाला हिलवर चार्ल्स कोरिया यांची कांचनजंगा ही इमारत आहे, 1983 साली पूर्ण झालेली. पश्चिमेला समुद्र, वारा आणि देखावा, पण दुपारचं भाजणारं ऊन आणि जूनचा तिरका पाऊसही तिकडूनच. काय घ्यायचं आणि काय अडवायचं? त्यांनी जुन्या बंगल्यांचा व्हरांडा उचलला आणि दोन मजले उंचीचे बगिचे करून टॉवरच्या कोपऱ्यांत बसवला. श्रीमंतांची इमारत आहे, कबूल. पण प्रश्न विचारलेला होता. मध्यमवर्गीय सोसायट्यांमध्ये तोच प्रश्न साध्या बाल्कनीने सोडवला जायचा. मग आपणच बाल्कन्यांना काचा लावून खोलीत घेतल्या, आणि 2012 च्या नियमांनंतर बाल्कनी एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर बांधता येणाऱ्या एकूण क्षेत्रात, मोजली जाऊ लागल्यावर बिल्डरने ती द्यायची कशाला? कुणालाच चुकल्यासारखं वाटलं नाही. रिमोट होता.

अर्थात रिमोटमागे वीज लागते. वीस वर्षांपूर्वी डोंबिवली-बदलापूरकडे लोडशेडिंग होतं आणि मुंबई शहरात नव्हतं, तेव्हा माझ्या नवऱ्याच्या एका मित्राने डोंबिवलीतला ऐसपैस टू बीएचके विकून घाटकोपरला त्याच्या निम्म्या जागेत बिऱ्हाड आणलं. कारण विचारलं तर म्हणाला, "बाळ झालंय, रात्री पंखा पाहिजे." नुसता पंखा! आता बदलापूर, कर्जतकडे मेमध्ये चाळिशीच्या वर पारा जातो, तरी तिथे टॉवर उठतायत आणि भरतायत. लोडशेडिंग बरंचसं गेलं, हप्त्यावर एसी मिळतो. घराचा हप्ता, एसीचा हप्ता, आणि मे महिन्याचं वीजबिल, ज्याला कुठलंच कोटेशन वेगळी ओळ देत नाही.

हे सगळं मी एसीत बसून लिहितेय, हे सांगून टाकलेलं बरं. मेनोपॉजच्या दोन वर्षांत या यंत्राने मला जी झोप दिली ती गिरगावच्या कुठल्याही झुळकीने दिली नसती. आणि आई, जी जन्मभर आतल्या खोलीत झोपली, ती शेवटच्या आजारपणात माझ्याकडे होती तेव्हा दुपारी स्वतः म्हणायची, "लाव गं तुझं ते." मग पांघरूण हनुवटीपर्यंत घेऊन समाधानाने घोरायची. तिला वाऱ्याची आठवण येते का, असं विचारायचा वेडेपणा मी केला नाही.

आमच्याकडे कामाला येतात त्या मावशी मानखुर्दला राहतात. आधी खाडीलगत झोपडीत होत्या, मग पुनर्वसनात तिसऱ्या मजल्यावर खोली मिळाली. दोन इमारतींमधून रिक्षा जेमतेम जाईल. त्या मधल्या पट्टीत वरून टाकलेला कचरा, त्यामुळे खालच्यांच्या खिडक्या कायम बंद, आणि दिवसाही ट्यूब लावल्याशिवाय भाजी निवडता येत नाही. गोवंडी-मानखुर्दच्या अशा वसाहतींची डॉक्टरांनी पाहणी केली तेव्हा ऊन-वारा न पोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर क्षयाचं प्रमाण जास्त आढळलं होतं. प्लेगनंतर रस्ते कापणाऱ्या याच शहरात साडेत्रेसष्ट अंशांचं हे असं झालं. मी एकदा त्यांना विचारलं, पहिली जागा बरी की ही? पोळपाटावरचा हात न थांबवता त्या म्हणाल्या, "तिकडं वारा होता ताई, हिकडं संडास हाय. रातच्याला पोरीला घेऊन बाहेर जावं लागत न्हाई." मग थोड्या वेळाने, "एशी घेणार हाय पोरगा, दिवाळीला." त्यांच्या इमारतीत आता बऱ्याच जणांनी घेतलेत. बाहेरची युनिट त्याच पट्टीत लटकतात आणि ज्यांनी घेतलेला नाही त्यांच्या खिडकीवर गरम फुंकर मारतात. एकाने घेतला की शेजाऱ्याला घेणं भाग.

आमच्या सोसायटीतही भांडणं आहेत, फक्त त्यांची भाषा इंग्रजी पत्रांची. सध्याचं गाजणारं प्रकरण पाण्याचं. दुसऱ्या मजल्यावरच्या एसीच्या नळीतून खालच्या पत्र्यावर थेंब पडतो, रात्रभर, आणि तळमजल्यावरचे काका पहाटे चारला उठून बेल वाजवतात. शेवटी तडजोड म्हणून नळीला पाइप जोडून बादलीत सोडला. सकाळी बादली काठोकाठ. हवेतून काढलेलं पाणी, त्याने काका जिना धुतात. दमट हवा किती दमट आहे हे मला वेधशाळेच्या टक्क्यांनी कधी कळलं नव्हतं इतकं त्या बादलीने कळलं.

भाच्याने फ्लॅट घेतला. तोच, सतराव्या मजल्यावरचा. मी नको म्हणाले नाही. त्या पैशांत विक्रोळीत स्टेशनपासून चालत पोचण्याच्या अंतरावर वारा मिळत नाही, हायवेच मिळतो, आणि दोघांच्याही नोकऱ्या वाचवायच्या तर विक्रोळीच पाहिजे. दरम्यान आमची सोसायटीही रिडेव्हलपमेंटला निघालीय. सभासदांच्या मागण्यांची यादी फिरली, त्यात कार्पेट एरिया, पार्किंग, कॉर्पस फंड, प्रत्येक खोलीत एसी पॉइंट. मी खाली पेनाने लिहिलं, प्रत्येक घराला समोरासमोर दोन बाजूंना खिडक्या. सेक्रेटरींचा फोन आला. "वहिनी, कल्पना चांगली आहे, पण मजल्यावर सहाच्या जागी चारच घरं बसतील. मग प्रत्येकाचं कार्पेट कमी होणार. किती कमी, ते आर्किटेक्ट रविवारी सांगेल. तुम्हीच विचार करा, तुम्हाला स्वतःला चालेल का?" मी म्हटलं, आकडा कळू दे, मग सांगते. आकडा किती असला तर मी माझी ओळ खोडेन याचा अंदाज मला आत्ताच आहे, पण तो मी नवऱ्यालाही सांगितलेला नाही. मीटिंग गच्चीवर आहे. सोसायटीच्या ऑफिसात एसी नाही, आणि सातनंतर गच्चीवर बरं असतं.